बॅग मुलाने स्वतः भरावी

शिबिराच्या पत्रात एकूण सतरा सूचना होत्या. त्यातल्या सोळा बाबाला मनापासून पटल्या. सतरावी त्याने तीनदा वाचली, मागे काही खुलासा केलाय का म्हणून पत्र उलटं करून पाहिलं, आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

'बॅग मुलाने स्वतः भरावी. निघण्याच्या ठिकाणी आमच्या ताई बॅगेतल्या कोणत्याही तीन वस्तू मागतील. त्या मुलाला कोणाला न विचारता काढता आल्या पाहिजेत आणि बॅग परत बंद करता आली पाहिजे. न जमल्यास ती जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला दिली जाईल.'

"हा काय प्रकार आहे?" त्याने विचारलं.

"गेल्या वर्षी म्हणे निम्मी मुलं पहिल्याच संध्याकाळी बॅगेत डोकं घालून रडत बसली होती," भिंगरीची आई म्हणाली. "कुणाला टॉवेल सापडेना, कुणाला चड्डी. सगळ्या आयांनी भरलेल्या बॅगा. म्हणून हा नियम केलाय."

"आयांनी भरलेल्या," बाबा म्हणाला. "पॅकरने भरलेली नव्हती ना त्यात एकही?"

आईने कपाळाला हात लावला. हे असं काहीतरी येणार, हे तिला पत्र उघडतानाच कळलं होतं.

तर गोष्ट अशी होती, की बाबा हा धंद्याने पॅकर होता. लोकांची घरं हलवायची, हे त्याचं काम. बावीस वर्षांत त्याने दोन-अडीच हजार घरं तरी खोक्यांत भरली असतील. काचेची कपाटं भरली, पियानो भरला, एकदा तर मासे सोडून बाकी सगळा मत्स्यालयाचा पसारा भरला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून फुटल्या त्या दोनच कपबशा, आणि त्याही मालकिणीने मध्येच 'हे मी नेते हो' म्हणून खोक्यातून उपसून काढल्या म्हणून. त्याच्या हाताखालची माणसं त्याला दादा म्हणत आणि त्याने बांधलेलं खोकं ट्रकच्या टपावरून पडलं तरी खुशाल राहतं, असं नव्या गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. अशा माणसाने स्वतःच्या मुलीच्या बॅगेला हात लावायचा नाही, म्हणजे काय म्हणायचं?

आणि मुलगी तरी कोण, तर भिंगरी. वय वर्षे नऊ. एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून ते नाव. दोन वर्षं ती या शिबिराच्या मागे लागली होती. पहिल्या वर्षी वय कमी पडलं, दुसऱ्या वर्षी अर्ज पोचेपर्यंत चाळीसच्या चाळीस जागा भरल्या. या वर्षी तिचा नंबर होता एकोणचाळिसावा. पत्र आल्यापासून ती ते उशीखाली ठेवून झोपत होती. डोंगरातली सात दिवसांची वस्ती, तळ्यात पोहणं, शेकोटी, आणि घरातलं मोठं माणूस एकही नाही. त्या शेवटच्या गोष्टीने तर ती पार हरखून गेली होती.

बाबाला नेमक्या त्याच गोष्टीने घोर लावला होता. भिंगरी आजवर एक रात्रही त्यांच्याशिवाय राहिलेली नव्हती. पण हे बोलायचं कुणाजवळ? मग तो बॅगेबद्दल बोले.

"हे बघ," पहिल्याच रविवारी त्याने सुरुवात केली. "जड वस्तू तळाला. पोकळ वस्तू पोकळ ठेवायची नाही, तिच्यात काहीतरी भरायचं. आणि हलवून बघायचं. आवाज आला म्हणजे जागा राहिली."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "मला तिथे बॅग हलवून बघायची नाहीये. मला तिथे टॉवेल पाहिजे."

"टॉवेल मिळेलच की."

"कुठे?"

"बॅगेत."

"बॅगेत कुठे?"

हा प्रश्न बाबाला बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. सामान नीट पोचवायचं, हे त्याचं काम. पोचल्यावर कुणाला काय कुठे सापडतं, ती गिऱ्हाइकाची डोकेदुखी. पावती घेतली, सलाम केला, ट्रकमध्ये बसला.

त्या दिवसापासून आईने घरात कायदा लागू केला. बॅगेपासून बाबाने दोन हात लांब राहायचं. बोलायचं नाही, सुस्कारे सोडायचे नाहीत, आणि लांबून हाताने खुणाही करायच्या नाहीत. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांच्या नजरा तपासायची. तिच्या नजरेतून काही सुटणं अवघडच होतं.

भिंगरीने मग आपल्या पद्धतीने बॅग भरायला घेतली. ही पद्धत कुठल्याही पॅकरला झीट आणणारी होती. तिने कपडे कपड्यांजवळ ठेवले नाहीत की जड वस्तू तळाला घातल्या नाहीत. पलंगावर उताणी पडून, डोळे मिटून, तिने आधी शिबिरातला अख्खा दिवस जगून पाहिला. मग उठून बॅगेचे कोपरे पाडले. हा सकाळचा कोपरा: ब्रश, पेस्ट, कंगवा, साबणाची डबी. हा पाण्याचा: पोहायचा पोशाख, टॉवेल, ओले कपडे कोंबायची पिशवी. हा उन्हाचा: टोपी, बाटली. हा अंधाराचा: टॉर्च, मोजे, पांघरूण. मध्ये उरलेल्या जागेत टी-शर्ट आणि पँटी, जशा हाताला लागतील तशा.

"आणि हे काय?" बाबाने न राहवून विचारलं. बाजूच्या छोट्या कप्प्यात एक रुमाल आणि बिस्किटांचा पुडा होता.

"तो रडायचा कोपरा," भिंगरी म्हणाली.

"रडायचा?"

"रडू आलं तर. रडून झालं की भूक लागते ना मला."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेला आणि उगीचच दोन ग्लास पाणी प्यायला. त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या शिबिरवाल्यांना फोन करावा आणि सांगावं, आमची एकोणचाळिसावी जागा द्या कुणालातरी.

पुढचे आठ दिवस आई रोज संध्याकाळी मोबाइलवर वेळ लावून परीक्षा घ्यायची. "साबण!" म्हटलं की भिंगरी बॅगेत कोपरापर्यंत हात घालायची आणि साबण काढून दाखवायची. पहिल्या दिवशी तीन वस्तूंना तिला पाच मिनिटं लागली. शनिवारपर्यंत ती पाऊण मिनिटावर आली होती, आणि तेही डोळ्यांवर ओढणी बांधून. बॅग बंद करताना मात्र ती तिच्यावर चढून बसायची, उड्या मारायची आणि दात-ओठ खाऊन चेन ओढायची. चेन करकरली की बाबा खुर्चीतून अर्धवट उठायचा आणि पुन्हा बसायचा. चेन गेली म्हणजे? बाटलीचं झाकण सैल झालं म्हणजे? टॉर्चची काच फुटली, पोरीच्या हाताला लागली, आणि अंधार, आणि घरातलं मोठं माणूस एकही नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता आई आणि भिंगरी केस कापायला गेल्या. रविवारी सकाळी सव्वाआठला बस सुटणार होती. लाल बॅग भरून, बंद करून, दाराशी उभी होती. तिच्या पट्ट्याला भिंगरीने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलेली चिठ्ठी बांधली होती.

घरात बाबा आणि बॅग, दोघंच.

आधी तो नुसता समोर बसला. मग त्याने बॅगेला जरासं हलवलं. आत काहीतरी खडखडलं. आता आवाज आला म्हटल्यावर माणूस काय करणार? टॉर्च असावा. नुसता टॉर्च बघू, तेवढा गुंडाळू आणि बंद करू, असं त्याने स्वतःला बजावलं. हात तर केव्हाचे शिवशिवत होते. चेन उघडली, टॉर्च मोज्यांत पडलेला दिसला, त्याला लागून पांघरूण, पांघरुणाखाली बाटली आडवी. आडवी! बाबाच्या तोंडून 'अरेरे' निघून गेलं.

पाच मिनिटांत सगळी बॅग पलंगावर रिकामी झाली.

पुढचा पाऊण तास त्याने जे काम केलं, तसं काम त्याने गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. टॉर्चमधले सेल काढले, कारण प्रवासात सेल आत ठेवायचे नसतात, आणि ते चिकटपट्टीने एकमेकांना बांधून पाकिटात घातले. टॉर्च बबल रॅपमध्ये गुंडाळला, डाव्या बुटात बसवला, बूट टॉवेलात. टोपी पोकळ, तेव्हा तिच्यात सगळे मोजे ठासले आणि वरून कागद लपेटला. ओल्या कपड्यांची पिशवी चांगली जाड निघाली, म्हणून ती त्याने तळाला अस्तर म्हणून पसरली. टी-शर्टांच्या घट्ट गुंडाळ्या केल्या आणि चार-चारच्या जुड्यांना पट्टी मारली. साबण, पेस्ट, तेल वेगवेगळ्या पिशव्यांत. रुमालात बाटली गुंडाळली आणि बिस्किटं चुरा होऊ नयेत म्हणून ब्रशच्या डबीशेजारी कडक जागी बसवली. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली, चौतीस वस्तू, अनुक्रमांकासह. चेन एका बोटाने, लोण्यातून सुरी फिरावी तशी बंद झाली.

त्याने बॅग हलवून पाहिली. आवाज नाही. उलटी केली. आवाज नाही. छाती दीड इंच पुढे आली.

आता हिने उद्या वस्तू कशा काढायच्या, हा विचार त्याच्या मनात आला नाही, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. आला होता. पण यादी लावलीच आहे की, असं म्हणून त्याने तो बाजूला सारला. बॅग होती तशी दाराशी उभी केली आणि चहा टाकला. मायलेकी परत आल्या तेव्हा तो पेपर वाचत होता.

"हात नाही ना लावलात?" आईने चप्पल काढता काढता विचारलं.

"छे," बाबा म्हणाला, आणि पेपर आणखी वर धरला.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानासमोर बस उभी होती. बसशेजारी एक लांब टेबल आणि टेबलाशी शिबिराच्या ताई, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, हातात यादी. चाळीस मुलं आणि त्यांना सोडायला आलेली शंभरेक माणसं. शिवाय कडेला, बॅगा पाठीवर घेऊन, प्रतीक्षा यादीतली दोन मुलं आजोबांबरोबर उभी होती आणि टेबलावर जाणाऱ्या प्रत्येक बॅगेकडे टक लावून बघत होती. रस्त्यापलीकडे बाबाचा ट्रकही येऊन थांबला होता, कारण नऊ वाजता एक घर हलवायचं होतं. ड्रायव्हर खिडकीतून कोपर काढून गंमत बघत बसला होता.

पहिल्या मुलाने साबण काढला, चड्डी काढली, छत्री काढली. टाळ्या. दुसरीला टोपी सापडायला वेळ लागला, पण सापडली. भिंगरी रांगेत एका पायावर नाचत होती. "मी पाऊण मिनिटात करते," ती पुढच्या मुलीला सांगत होती, "आणि डोळे बांधून!"

बाबाने मान वळवून ट्रककडे बघितलं.

"एकोणचाळीस," ताई म्हणाल्या. "ठेव बॅग. टॉर्च, टोपी आणि ओल्या कपड्यांची पिशवी. चल."

भिंगरीने चेन उघडली, न बघता उजव्या कोपऱ्यात हात घातला आणि थांबली. हात बाहेर काढला. मग आत बघितलं. आत करड्या कागदाच्या आणि चिकटपट्टीच्या गठड्या होत्या, एकीला एक लागून, बोट शिरायला जागा नाही. झाकणावरच्या यादीकडे तिचं लक्षही गेलं नाही. ती मान वर करून ताईंना म्हणाली, "ही माझी बॅग नाहीये."

"चिठ्ठीवर नाव तर तुझंच आहे."

"हो, पण ही माझी नाहीये. बदललीये कुणाचीतरी." तिचा आवाज बारीक झाला. तिने एक गुंडाळी ओढली, ती निघेना. दुसरी ओढली, तिच्यातून टी-शर्टाची बाही आली. बाही तिच्या ओळखीची होती. आता तिला काहीच कळेना. "आई, माझं सगळं होतं ना यात? मी ठेवलं होतं ना?"

आईने भिंगरीकडे बघितलंच नाही. तिने सरळ बाबाकडे बघितलं.

घड्याळात आठला पाच मिनिटं कमी होती. गप्प बसलं तर काय होईल, हे बाबाला दिसत होतं: पोर नापास होईल, आणि जन्मभर तिला वाटेल की आपणच बॅग चुकीची भरली. बोललं तर नियम मोडला म्हणून जागा जाईल. कडेची दोन मुलं अर्धं पाऊल पुढे सरकली होती.  तरी बाबा पुढे झाला.

"मी भरली," तो म्हणाला. "म्हणजे, तिने भरली होती. चांगली भरली होती. मी काल उपसून परत भरली."

शंभर माणसांच्या माना वळल्या. रस्त्यापलीकडे ड्रायव्हरने कोपर आत घेतलं.

"नियम वाचला होतात?" ताईंनी विचारलं.

"तीनदा."

"मग?"

"मी पॅकर आहे हो," बाबा म्हणाला. हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळत होतं. "मला वाटलं, काही फुटेल. काही सांडेल. तिला तिकडे काही झालं तर..." त्याने एकदा बॅगेकडे बघितलं. "चूक माझी आहे. तिची जागा काढू नका. पाहिजे तर मला काहीही शिक्षा करा."

भिंगरी त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं, इतकी ती रागावली होती. "तू माझे कोपरे मोडलेस?" ती म्हणाली.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

ताईंनी घड्याळ पाहिलं, बसकडे पाहिलं, कडेच्या दोन मुलांकडे पाहिलं. "सव्वाआठला बस सुटते," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं आहेत. हिने बॅग रिकामी करून पुन्हा स्वतः भरली आणि मग तीन वस्तू काढल्या, तर जाईल. नाहीतर नाही. आणि तुम्ही," त्यांनी बाबाकडे बोट केलं, "तुम्ही त्या झाडापाशी जाऊन उभे राहा. हात खिशात."

बाबा झाडापाशी गेला. बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, लोकांचे पियानो भरणारा, शाळेतल्या खोडकर पोरासारखा झाडाखाली हात खिशात घालून उभा राहिला. आई त्याच्याशेजारी आली. 

भिंगरीने बॅग उचलून जमिनीवर उलटी केली.

खरं तर काहीच पडलं नाही. बाबाचं काम होतं ते. बॅग उलटी धरून तिने दोनदा आपटली तेव्हा कुठे गठड्या सुटून आल्या. ती मांडी घालून बसली आणि पट्ट्या ओढायला लागली. पट्टी निघेना. बाबाच्या खिशात कटर होता. खिशातल्या खिशात त्याच्या बोटांनी तो धरला, आणि सोडला. भिंगरीने पट्टीला दात लावले. टर्रकन आवाज झाला आणि चार टी-शर्ट मोकळे झाले.

मग तिला गती आली. कागद उडायला लागले. टोपीतून मोजे निघाले तेव्हा बसच्या खिडक्यांतली मुलं खो-खो हसली, आणि भिंगरीलाही हसू आलं, पण तिने ते झाडाकडे दिसू दिलं नाही. बुटातून टॉर्च निघाला. तिने बटण दाबलं. लागला नाही. पुन्हा दाबलं.

"सेल," बाबा पुटपुटला. "पाकिटात. सेल पाकिटात आहेत."

"गप्प," आई म्हणाली.

भिंगरीने टॉर्च कानाशी धरून हलवला, खालचं झाकण फिरवलं, आत वाकून बघितलं. मग सगळी पाकिटं चाचपायला लागली. तिसऱ्यात सेल सापडले. तिने ते घातले, बटण दाबलं. नाहीच.  एक सेल उलटा गेला होता, ती घालत असतानाच बाबाला इथून दिसलं होतं, आणि त्याच्या आयुष्यात गप्प राहणं इतकं कधी जड गेलं नव्हतं. भिंगरीने दोन्ही सेल काढले, तळहातावर ठेवून त्यांच्याकडे रागाने बघितलं, एक फिरवला, घातला. टॉर्च लागला. तिने तो सरळ झाडाकडे रोखला आणि बाबाच्या डोळ्यांवर उजेड पाडला, भर सकाळी.

आठ वाजून पाच मिनिटं. कोपरे पडायला लागले होते. सकाळचा, पाण्याचा, उन्हाचा, अंधाराचा. घड्या नव्हत्या, गुंडाळ्या नव्हत्या, सगळं नुसतं कोंबणं चाललं होतं, पण हात कुठेही अडखळत नव्हता. बाबाने आजवर शेकडो माणसांना भरताना बघितलं होतं आणि मनातल्या मनात प्रत्येकाला हसला होता. आज त्याला हसू आलं नाही. ही पोर बॅग भरतच नव्हती. सात दिवस कसे जायचे ते ती ठरवत होती, आणि तिने ते ठरवून टाकलेलं होतं. तिकडे पोचायची काळजी तिला मुळी नव्हतीच, ती मनाने कधीच तिकडे राहायला लागली होती. त्याला अभिमान वाटला, आणि खिशातला कटर त्याने आणखी खोल ढकलला.

भिंगरी बॅगेवर चढून बसली. उडी मारली. चेन करकरली, अर्ध्यावर अडली. तिने उतरून बाटली उभी केली, पुन्हा बसली, आणि दात-ओठ खाऊन चेन शेवटपर्यंत नेली.

"झालं!" ती ओरडली. आठ वाजून अकरा मिनिटं.

"पांघरूण, कंगवा," ताई म्हणाल्या, आणि तिचा लाल चेहरा बघून जरा थांबून, "आणि रुमाल."

पांघरूण आलं. कंगवा आला. रुमाल बाजूच्या कप्प्यातून आला. भिंगरीने तो ताईंना दाखवला, त्याला खसाखसा नाक पुसलं आणि होता तिथे परत कोंबला. बॅग पुन्हा बंद केली. ताईंनी यादीवर खूण केली आणि शिट्टी वाजवली. बसमधून टाळ्या पडल्या. कडेच्या दोन मुलांपैकी एकाने निराशेने दगडाला लाथ मारली, पण तेवढ्यात चाळिसाव्या मुलाला स्वतःची टोपी काही केल्या सापडेना आणि लाथ मारणाऱ्या पोराचा चेहरा उजळला.

भिंगरी बॅग पाठीवर घेऊन झाडापाशी आली. आईने तिला पोटाशी धरलं, केसांवरून हात फिरवला. मग भिंगरी बाबासमोर उभी राहिली.

"सॉरी म्हण," ती म्हणाली.

"सॉरी."

"परत करशील?"

"कानाला खडा."

तिने क्षणभर विचार केला. "हात काढ आता खिशातून," ती म्हणाली. त्याने काढले. ती त्याला येऊन बिलगली, बॅगेसकट, आणि त्याने बॅगेसकट तिला मिठीत घेतलं. पट्टा एका खांद्यावरून घसरला होता. त्याने तो सरळ केला नाही.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. बस सुरू झाली तशी तिने काच सरकवून डोकं बाहेर काढलं. "बाबा! पुढच्या रविवारी पाच वाजता! इथेच! उशीर नाही करायचा!"

"नाही करणार!"

बस वळली. आई डोळे पुसून हसत हसत दुकानातल्या मैत्रिणीला फोन करायला लागली. बाबा मात्र तिथेच उभा होता. त्याच्या डोक्यात ते 'रविवारी पाच वाजता' घुमत होतं. आजवर त्याने भरलेलं एकूण एक सामान गेलं होतं. लोकांची लग्नातली भांडी, पाळणे, आरसे, पुस्तकं, सगळं कडेकोट बांधून त्याने पोचवलं, आणि त्यातलं एकही खोकं पुन्हा त्या दारात आलं नाही. बावीस वर्षं त्याचे हात एवढंच शिकले होते की जे नीट बांधून पाठवलं, ते कायमचं गेलं. काल दुपारी लाल बॅगेतल्या जुड्यांना पट्ट्या मारताना त्याला जी भीती वाटत होती, ती हीच होती.

रस्ता ओलांडून तो ट्रकमध्ये चढला आणि दार ओढून घेतलं. ड्रायव्हरने किल्ली फिरवली.

"रविवारी पाचला परत येतेय," बाबा म्हणाला.

"येणारच की," ड्रायव्हर म्हणाला. "शिबिराला गेलीये दादा. घर बदलून नाही गेली."

बाबाने मान हलवली. मग त्याने डॅशबोर्डवरची कामाची वही उघडली, पुढच्या रविवारचं पान काढलं, आणि दुपारचं लिहून ठेवलेलं काम खोडून टाकलं.